सुप्रभात सोसायटीत ढेकूण नाहीत

ढेकूण हा कीटक नसून आरोप आहे, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे.

घरात शिरणाऱ्या बाकीच्या जीवांचं तसं नाही. डास झाले तर माणूस चारचौघांत, आवाज चढवून सांगतो, कारण डास महापालिकेचे असतात. झुरळं बिल्डरची असतात. ड्रेनेजचं काम नीट झालं असतं तर ती आलीच नसती. मुंग्यांवरून घरात गूळ-साखर भरपूर असल्याचं कळतं, त्यामुळे पाहुण्यांपुढे मुंग्यांची तक्रार करण्यात थोडा मोठेपणाही मिळतो. वाळवी लागली तर निदान लाकूड अस्सल होतं हे सिद्ध होतं. ढेकूण मात्र आपला स्वतःचा असतो. तो ज्याच्यावर ढकलता येईल असं खातं सरकारनं अद्याप काढलेलं नाही. म्हणून सुसंस्कृत समाजानं ढेकणांवर एकच खात्रीचा इलाज शोधून काढला आहे. तो म्हणजे, ढेकूण नसतात.

सांगलीहून मिरजेला जाताना मुख्य रस्त्यापासून थोडी आत असलेली आमची सुप्रभात सोसायटी या बाबतीत आदर्श मानावी लागेल. चेअरमन बाळासो खोत हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे, जे कागदावर नाही ते जमिनीवरही नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. प्रत्येक वार्षिक सभेत ते उभे राहून सांगतात, "कीटकविषयक परिस्थिती समाधानकारक आहे." त्यावर सभासद टाळ्या वाजवतात. (टाळ्या वाजवताना काहीजण मधेच पाठ खाजवतात, पण ते इतिवृत्तात येत नाही.)

अशा या सोसायटीत, एका एप्रिलमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या मगदूमांच्या पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी चालताना दिसलं.

सुकुमार मगदूम हळदीचे व्यापारी. मार्केट यार्डात त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि अंगाला हळदीचा वास. पत्नी चंदनबाला. मुलगी ब्राह्मी, मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. सोफ्यावरचं पांढरं कव्हर नवं होतं आणि ते ब्राह्मीसाठी आणलेलं होतं, कारण येत्या रविवारी तिला बघायला मिरजेचे उपाध्ये येणार होते. मुलगा अतिशय याचा कुपवाडला पंपाचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता. पत्रिका जुळली होती, उंची जुळली होती, दोन्ही घरांत सूर्यास्तानंतर जेवत नव्हते. आता फक्त सोफ्यावर बसून एकमेकांना पसंत करणं राहिलं होतं.

चंदनबालांनी तो दाणा पाहिला आणि त्या जागच्या जागी बसल्या. मग लगेच उठल्या. कारण त्या सोफ्यावरच बसल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते आलेत."

"उपाध्ये? आजच?"

"उपाध्ये न्हाईत. *ते*."

सुकुमारअण्णांना कळलं. पुढचे काही दिवस त्या घरात तो शब्द उच्चारला गेला नाही. 'ते' एवढंच म्हणत. काही जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्याच आदरानं.

मारण्याचा प्रश्नच नव्हता. मगदूमांच्या घरात पाणी गाळून पितात आणि कंदमुळं येत नाहीत. चंदनबालांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या कडेवर त्या जीवाला अलगद घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि "जा बाबा सुखानं" असं म्हणून सोडून दिलं. (खिडकीच्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावरच्या हरणाबाईंची गॅलरी आहे. हा निव्वळ भूगोल झाला.)

पण त्याचे नातेवाईक मागे राहिले होते. सोफ्याच्या शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यांत त्यांचा प्रपंच नांदत होता. यावर ऊन हा अहिंसक उपाय आहे आणि सांगलीत एप्रिलमध्ये तो मुबलक मिळतो. अडचण एवढीच की, गादी गच्चीवर नेणं म्हणजे कबुलीजबाब देणं. लिफ्टमध्ये गादी घेऊन शिरलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यालाच कळेल.

सुकुमारअण्णांनी दुपारचं कडक ऊन निवडलं. सगळे झोपलेले असतात, असा त्यांचा हिशेब. डोक्यावर गादी घेऊन ते जिन्यानं चढले, पायानं गच्चीचं दार ढकललं, आणि थबकले. गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. टाकीपासून कठड्यापर्यंत गाद्याच गाद्या पसरल्या होत्या. प्रत्येक गादीशेजारी एकेक सभासद उन्हात घाम पुसत उभा होता, आणि प्रत्येकजण लांब बुधगावच्या दिशेला काहीतरी बघत होता.

"काय अण्णा, गादी आणलासा?" शेजारचा प्रांजल म्हणाला.

"व्हय. पाणी सांडलं गादीवर. तुझी?"

"बाळानं ओली केली."

प्रांजलची गादी डबलबेडची होती आणि बाळ सात महिन्यांचं. ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओली करायची तर बाळाला बरेच कष्ट पडले असते. पण सुकुमारअण्णांनी मान डोलवली. तिसऱ्या मजल्यावरच्या देसायांच्या गादीला 'कापूस फुगण्यासाठी' ऊन दाखवायचं होतं. ती गादी फोमची होती. चेअरमन बाळासो खोत आपल्या गादीवर पद्मासन घालून बसले होते. डॉक्टरांनी त्यांना उन्हातलं योगासन सांगितलं होतं. (प्रस्तुत लेखकाचीही गादी तिथं होती. ती पूर्णपणे वेगळ्या कारणासाठी होती.)

"ऊन लय हाय यंदा," सुकुमारअण्णा म्हणाले.

"लय," सगळे एकदम म्हणाले. सोसायटीत इतकं एकमत पूर्वी पाण्याच्या मोटारीवरूनही झालं नव्हतं.

उन्हानं 'ते' थोडे कमी झाले, पण गेले नाहीत. शिवाय सोफा काही गच्चीवर नेता येत नव्हता. तेव्हा सुकुमारअण्णांनी मन घट्ट करून यार्डातल्या एका मित्राच्या मित्राकडून आप्पासोंचा नंबर मिळवला. आप्पासो औषध फवारणी करत. त्यांच्या गाडीवर दोन्ही बाजूंनी भलामोठा ढेकूण रंगवलेला होता, त्यामुळे गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावायची, हे फोनवरच ठरलं.

"आणि वॉचमनला काय सांगणार?" अण्णांनी विचारलं.

"एसी दुरुस्तीला आलोय म्हणतो. नेहमीचंच हाय," आप्पासो म्हणाले.

त्याप्रमाणे ते पंप पिशवीत घालून आले. वॉचमननं वहीत 'एसी' लिहिलं आणि सहज म्हणाला, "ह्या आठवड्यात लय एसी बिघडल्यात, मामा." सोसायटीत एसी एकच आहे. तो चेअरमनांचा आहे आणि त्याच्यावर झाकण घातलेलं असतं.

घरात आल्यावर आप्पासो पंपात औषध कालवू लागले, तशा चंदनबाला पुढे झाल्या.

"भाऊ, एक विचारू का? आधी त्यांना जायला थोडा वेळ मिळतो का?"

"नोटीस द्यायची व्हय, वहिनी? कोर्टात जातील की ती."

"तसं न्हाई हो. पण मरायला नकोत."

"मग काळजी सोडा. हे औषध सौम्य. ह्यानं मरत्यात कमी, निघून जात्यात जास्त."

सुकुमारअण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. हत्या नव्हे, ही तर साधी बदली होती. सरकारी नोकरांची होते तशीच.

"कुठं जातात?" चंदनबालांनी विचारलं.

आप्पासोंनी भिंतीकडं बघितलं. "पलीकडं."

पलीकडं प्रांजल आणि पूजाचं घर होतं, आणि सात महिन्यांचं बाळ. चंदनबालांनी पंपाच्या नळीवर हात ठेवला.

"मग नको."

"अगं, रविवारी पाव्हणं येणार!" अण्णा म्हणाले.

"येऊ देत. बाळ लहान आहे पूजाचं."

आप्पासोंनी इतकी वर्षं हा धंदा केला होता, पण भिंतीपलीकडचा विचार करणारं गिऱ्हाईक त्यांना प्रथमच भेटत असावं. त्यांनी पंप खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाइकाचं नाव आमी कुणालाच सांगत न्हाई. पर तुमच्यात ही कुठनं आली, ते जरा भिंतीलाच इचारा."

म्हणजे आधीच्या आठवड्यात पलीकडच्या घरातही एसी दुरुस्त झाला होता. त्याच्या आधी देसायांकडं. सोसायटीतले ढेकूण असे शिस्तीत, घरोघर मुक्काम करत, सगळ्या सभासदांना समान न्याय देत फिरत होते. सगळ्यांनी एकाच दिवशी फवारलं असतं तर ते इमारतीतूनच गेले असते. पण त्यासाठी सभा घ्यावी लागली असती, आणि सभेत कुणाला तरी तो शब्द उच्चारावा लागला असता.

शेवटी तडजोड झाली. फक्त सोफ्याला औषध मारायचं, आतल्या खोल्यांना नाही. फवारणी चालू असताना चंदनबाला हिंसा दृष्टीस पडू नये म्हणून मंदिरात जाऊन बसल्या, आणि सगळा वेळ पूजाच्या बाळाचा विचार करत राहिल्या.

रविवारी उपाध्ये आले. वडील वीरधवल, आई मंगल आणि अतिशय. "जय जिनेंद्र" झालं, पाणी झालं, बटाटा-कांदा न घातलेले पोहे झाले. वीरधवलांनी हळदीचा बाजार विचारला, अण्णांनी पंपांचा बाजार विचारला. सोफ्यावर कुणीच टेकून बसलं नव्हतं. मगदूम टेकले नाहीत याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. उपाध्ये का टेकले नाहीत, हे अण्णांना कळेना. त्यांनी तो विनय मानला.

आणि तेवढ्यात तो आला. औषधातून वाचलेला, बहुधा घरातला कर्ता असावा. सोफ्याच्या हातावर, पांढऱ्याशुभ्र कव्हरवर, तो सावकाश वीरधवलांच्या मनगटाकडं निघाला.

खोलीतल्या प्रत्येकानं त्याला पाहिलं. कुणीही पाहिलं नाही.

चंदनबालांनी भरलेल्या बशीत पुन्हा पोहे वाढले. अण्णा जोरात "यंदा पाऊस कसा होणार?" असं म्हणाले, आणि पुन्हा तेच म्हणाले. ब्राह्मीनं ओठ दाबून जमिनीकडं बघितलं; पाहुण्यांना ते लाजणं वाटलं असणार. तो मनगटापासून चार बोटांवर आला, तेव्हा मंगलताईंनी काहीच न घडल्यासारखी आपली पर्स उचलली आणि त्याच्यावर ठेवली.

"कव्हर फार सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या.

चंदनबालांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी मोठ्या मनाची विहीण मिळणं म्हणजे पुण्याई, असं त्यांना वाटलं. पण ब्राह्मीनं पर्स ठेवणारा हात नीट बघितला होता. तो हात सरावलेला होता.

रीतीप्रमाणे मुलामुलीला बोलायला गॅलरीत पाठवलं. खाली हरणाबाई धुणं वाळत घालत होत्या. अतिशयनं घसा साफ केला.

"तुम्हाला कशाची आवड आहे?"

"मला एक आधी सांगायचंय," ब्राह्मी म्हणाली. "मघाशी जो होता, तो ढेकूण होता. आमच्या घरात ढेकूण आहेत. भरपूर आहेत. लग्न मोडायचं असेल तर आत्ताच मोडा, म्हणजे मला आज नीट टेकून बसता येईल."

त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला गेला होता. खाली हरणाबाईंनी चिमटा लावायचं थांबवून वर बघितलं.

"आमच्याकडं फेब्रुवारीपासून आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या खोलीत जास्त. आई म्हणाली, कुठंही टेकून बसू नका, आपलं त्यांच्या घरात जाईल."

"आणि आम्ही म्हणत होतो, आमचं तुमच्यात जाईल."

"आमच्याकडं एक एसीवाला येतो..."

"आप्पासो?"

दोघंही इतकी हसली की आत बसलेल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांना डोळ्यांनी खूण केली. ती आत आल्यावर मंगलताईंनी विचारलं, "काय बोललात एवढं?"

"आवडीनिवडी जुळल्या," अतिशय म्हणाला. त्याच बैठकीत पेढे फिरले. (पुष्कळ लग्नं याहून कमी मजकुरावर ठरतात.)

पाहुणे गेल्यावर ब्राह्मी पेढे द्यायला शेजारी गेली. पूजाचं बाळ रडून रडून थकलं होतं. त्याच्या दंडावर एका ओळीत लाल गांधी उठल्या होत्या. पूजा म्हणाली, उष्णता आहे. सासू म्हणाली, पूजानं आंबा खाल्ला म्हणून. एका डॉक्टरांनी घामोळ्याची पावडर दिली होती, दुसऱ्यांनी साबण बदलायला सांगितला होता. पूजानं आंबा, शेंगदाणे आणि दही सोडलं होतं, आणि आता दूध सोडायच्या बेतात होती. ब्राह्मीनं त्या गांधींकडं बघितलं, पूजाकडं बघितलं. पूजानं नजर चुकवली. तिलाही माहीत होतं. सगळं माहीत असून ती बिचारी आंबे सोडत होती.

ब्राह्मी घरी आली आणि तिनं सोसायटीच्या ग्रुपवर सरळ लिहिलं: "आमच्या घरी ढेकूण झाले आहेत. पूजाच्या बाळालाही चावताहेत. कुणाकुणाकडं आहेत ते सांगा, एकाच दिवशी फवारून घेऊ."

"अगं काय केलंस हे!" चंदनबाला हबकल्या. "उपाध्यांना कळलं म्हणजे?"

"त्यांच्याकडंही आहेत, आई. फेब्रुवारीपासून."

चंदनबालांना एवढं हायसं वाटलं की त्या खाली बसल्या. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे तसलं घर आहे होय ते?"

ग्रुपवर शांतता पसरली. निरोप सगळ्यांनी वाचल्याचं दिसत होतं. कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. देसायांनी 'लवकर बरे व्हा' असं लिहिलं. चेअरमन बाळासो खोतांनी, ग्रुपवर केवळ सोसायटीच्या हिताचे निरोप टाकावेत अशी आठवण करून दिली. मग हरणाबाईंनी बोलून पाठवलेला निरोप आला. हरणाबाई मूळच्या जतकडच्या, धनगराच्या. मुलगा अमृत कुपवाडात कामाला लागला तेव्हापासून इथं राहतात. त्यांच्या घरात घोंगडी आहेत, एवढ्या पुराव्यावर सोसायटीनं मनातल्या मनात त्यांनाच दोषी ठरवून ठेवलं होतं.

"आगं बाय ब्राह्मी, आमच्यात बी हायती. लय हायती. आन् आमच्यात न्हवती गं, वरनं पडत्यात. मी म्हनलं, आभाळातनं पडायला लागल्यात का काय! मगदूम वहिनी खिडकीतनं 'जा बाबा सुखानं' म्हनत्यात, आन् त्यो माझ्या डोस्क्यावर सुखानं बसतोय. तवापास्नं मी बी त्याला 'जा बाबा' म्हनून खालच्या मजल्याला सोडाय लागलोय."

चंदनबालांनी तो निरोप पुन्हा ऐकला नाही, एकदाच पुरला. त्या पदर खोचून पहिल्या मजल्यावर गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते बाहेर आलं नाही, पण परत येताना त्यांच्या हातात हरणाबाईंनी दिलेली शेंगांची पिशवी होती, आणि नाक लाल झालं होतं.

त्यानंतर मात्र बांध फुटला. प्रांजलनं लिहिलं, आमच्याकडंही. देसायांनी लिहिलं, आमच्याकडंही, पण कमी. संध्याकाळपर्यंत कुणाकडं जास्त आहेत यावर वाद सुरू झाला होता.

सभा झाली. विषयपत्रिकेवर 'ढेकूण' छापायला चेअरमनांनी नकार दिल्यामुळे विषयाचं नाव 'आयत्या वेळचे इतर' असं होतं. आप्पासोंना प्रथमच दारापर्यंत गाडी आणायची परवानगी मिळाली. बाळाला घेऊन पूजा माहेरी गेली. फवारणीआधी चंदनबालांनी उपास धरला आणि सगळ्या जीवांची क्षमा मागितली; हरणाबाई शेजारी बसून "मागा, मागा, माझ्या वाटचीबी मागा" म्हणाल्या. एका दिवसात सगळी घरं उरकली.

एक घर सोडून. बाळासो खोतांनी दारात उभं राहून आप्पासोंना बाणेदारपणे परत पाठवलं. "आमच्याकडं नाहीतच, तर फवारायचं कशाला?" तर्क बिनतोड होता.

पूजाचं बाळ आता गाढ झोपतं आणि पूजा आंबे खाते. ब्राह्मीचं लग्न दिवाळीनंतर झालं; लग्नात दोन्ही घरांनी एकमेकांना गाद्या द्यायच्या नाहीत, असं आधीच ठरवून घेतलं. आणि बाकीच्या सगळ्या घरांतून हुसकले गेलेले जीव कुठं गेले असतील, याचा अंदाज करायला भूगोल लागत नाही. चेअरमन हल्ली उभ्यानंच चहा पितात. सभेतही ते बसत नाहीत. यंदाच्या अहवालात त्यांनी कीटकविषयक परिस्थिती 'अत्यंत समाधानकारक' असल्याचं सांगितलं आणि सांगताना इतक्या वेळा खांदा उडवला की मागच्या रांगेला तो उत्साह वाटला.

आता तुम्ही म्हणाल, हे त्या सोसायटीचं झालं, आमच्याकडं असलं काही नाही. बरोबर आहे. वाचकांच्या घरी ढेकूण नसतातच, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. मघापासून तुमचा हात मानेमागं जातोय तो विचार करायला, आणि पोटरीकडं गेला होता तो उकाड्यामुळं. फक्त उठताना ती बूड टेकायची उशी उलटून बघू नका. एकदा बघितलं की मग नाहीत असं म्हणता येत नाही.